सर विश्वेश्वरय्या आणि आपल्या गच्चीचं पाणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात अभियंता दिनी केलेले भाषण)



आज १५ सप्टेंबर, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. आपल्या सोसायटीतली सहा-सात मुलं इंजिनिअरिंगला आहेत, म्हणून सेक्रेटरींनी हा विषय मला दिला. मी काही इंजिनिअर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे धरणाच्या आधी माझं लक्ष ताळेबंदाकडे जातं. सरकारी मेणबत्ती आणि स्वतःची मेणबत्ती ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, ती मी सांगणार नाही. मला बोलायचंय ते त्यांनी नोकरी सोडल्यानंतरच्या कामाबद्दल.

पण आधी नोकरी. हा माणूस म्हैसूर संस्थानातला, तरी घडला आपल्या मुलखात. पुण्याला शिकले, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला असिस्टंट इंजिनिअर झाले. पुढे धुळे, सक्कर, सुरत, पुणे. खडकवासला धरणाला १९०३ मध्ये त्यांची स्वयंचलित दारं बसली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारी. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. वरच्यांनी ऊस लावून सगळं पाणी घ्यायचं आणि खालच्या गावांनी बघत बसायचं, असं होऊ नये म्हणून जमिनीचे गट पाडून पिकं फिरवायची. उजनीचं पाणी कुणाला किती यावर भांडणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको!

१९०८ मध्ये मुदतीआधीच त्यांनी निवृत्ती घेतली. मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादचं काम केलं, मग म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ पासून दिवाण. त्यांच्याच काळात १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर निघाली. पुढची स्टेट बँक ऑफ म्हैसूर ती हीच; २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. आपल्या न्हाणीघरातला म्हैसूर सँडल साबणसुद्धा त्याच काळातल्या सरकारी कारखान्याचा. १९१८ मध्ये धोरणावरून मतभेद झाले आणि त्यांनी दिवाणपद सोडलं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची योजना त्यांनी दिवाण असताना पुढे रेटली होती. १९२३ मध्ये भट्टी सुरू झाली तेव्हा महायुद्ध संपलेलं, लोखंडाचे भाव घसरलेले. दगडी कोळसा जवळ नाही, म्हणून जंगलातल्या लाकडाचा कोळसा करायचा. कारखाना तोट्यात. विश्वेश्वरय्यांना खुर्ची सोडून पाच वर्षं झाली होती. "आता माझा काय संबंध?" असं ते म्हणू शकले असते. कुणी नावही ठेवलं नसतं. पण ते त्याच कारखान्याचे चेअरमन म्हणून परत गेले आणि १९२९ पर्यंत राहिले. खर्च कमी केले, महागड्या परदेशी तज्ज्ञांच्या जागी आपली माणसं तयार केली. मानधनाची रक्कम स्वतःकडे ठेवली नाही. ती पुढे बंगळूरला तरुणांना कामधंद्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या उपयोगी पडली.

टाटा स्टीलच्या संचालक मंडळावरही ते १९२७ पासून पुढे कित्येक वर्षं होते. सत्तरी उलटल्यावर, १९३५ मध्ये, मोटार कारखान्याची योजना घेऊन युरोप-अमेरिका फिरून आले. ती योजना उचलून धरली कुणी, तर आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली.

हे सगळं वाचताना मला भद्रावतीच पुन्हा पुन्हा टोचत राहिली. बँकेत आमची दर तीन वर्षांनी बदली. कर्जावर सही माझी, वसुली पुढच्याची! ही सवय मी इथंही घेऊन आलो. बारा वर्षांपूर्वी मी खजिनदार असताना गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. "आधी जुना कोबा काढा, मग काम करा," असं एका सभासदानं सभेत स्पष्ट सांगितलं होतं. मी आकडे दाखवून त्याला गप्प बसवलं आणि सगळ्यात कमी कोटेशन मंजूर केलं. दोन पावसाळे गेले आणि वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली. वहिनी माझ्या दारात आल्या. त्यांनी बिछान्याजवळ बादली ठेवली होती, घरात तान्हं मूल होतं. मी काय म्हणालो? "मी आता कमिटीत नाही, नव्या कमिटीला विचारा."

शब्द नियमाला धरून होते, पण वागणं बरोबर नव्हतं. आज सगळ्यांसमोर वहिनींची आणि त्या सभासदाची मी माफी मागतो.

यंदा आपण पुन्हा मोठ्या दुरुस्तीचा ठराव करणार आहोत. माझी एकच विनंती आहे. ठरावावर जे सह्या करतील, त्यांनी काम झाल्यानंतरचे दोन पावसाळे पाहणीला यायचं, मग कमिटी कुठलीही असो. तसं ठरावातच लिहा. पहिलं नाव माझं घाला. पद नको. चौऱ्याहत्तर चालू आहे, पण गच्चीपर्यंतचे जिने अजून चढतो. इंजिनिअरिंगच्या मुलांपैकी दोघं सोबत आली तर फार बरं. कोबा कसा तपासायचा हे मलाही शिकायचं आहे.