शाळा सुटलेल्यांची उमेदवारी

दहावीच्या आत किंवा दहावीपाशी शाळा सुटलेल्या मुलामुलींना कारखान्यात काम शिकण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 नुसार 14 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती उमेदवारीला पात्र ठरते. धोकादायक उद्योगांत ही अट 18 वर्षांची आहे. 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांनी विद्यावेतनाची पहिली पायरी पाचवी ते नववी शिकलेल्यांसाठीच आखली : दरमहा किमान 5,000 रुपये. दहावी उत्तीर्णांना 6,000, बारावी आणि आयटीआय उत्तीर्णांना 7,000, पदवीधरांना 9,000. म्हणजे कमी शिकलेला मुलगा या कायद्याच्या नजरेआड नाही. तो आस्थापनांच्या भरतीतून गळतो.

तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे बंधन आहे. त्या उमेदवारांत किमान 5 टक्के जागा नवशिक्यांना आणि कौशल्य प्रमाणपत्रधारकांना मिळून राखीव आहेत. हिशेब मांडला की तरतुदीचा तोकडेपणा उघडा पडतो. दोनशे माणसांच्या कारखान्याला किमान पाच उमेदवार घ्यावे लागतात. पाचाचे पाच टक्के म्हणजे एका माणसाचा चौथा हिस्सा. हजार माणसांच्या कारखान्यातही राखीव जागा जेमतेम एक भरते, आणि तीही दोन गटांत वाटलेली.

आस्थापना वरच्या शिक्षणाकडे वळतात याला व्यावहारिक कारण आहे. आयटीआय झालेल्या मुलाला फाइल धरणे, मापे घेणे, आराखडा वाचणे हे आधीच शिकवलेले असते. नवशिक्याला कार्यशाळेत उभे करण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते. मोठ्या कारखान्याकडे त्यासाठी स्वतःचा विभाग आणि निदेशक असतात, लहान उद्योजकाकडे यांपैकी काहीच नसते. हा भार हलका करण्यासाठीच राज्यात मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रे, म्हणजे बीटीआरआय, उभी राहिली. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांनी मिळून आपले नवशिके अशा केंद्राकडे पाठवणे हाच यावरचा खरा तोडगा होय.

कमी शिकलेल्यांना उमेदवार म्हणून घेणे अशक्य नाही, हे मुंबईच्या गोदीने दाखवले आहे. माझगाव डॉकच्या उमेदवार भरतीत आठवी उत्तीर्णांसाठी वेगळा गट असतो. त्यातून रिगर आणि वेल्डर घडतात. दहावी उत्तीर्णांचा गटही स्वतंत्र असतो. जहाजबांधणीसारख्या अवघड उद्योगाला आठवी शिकलेला मुलगा चालतो, तर पत्रेकाम किंवा लाकूडकाम करणाऱ्या कारखान्याने त्याला नाकारण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्याच्या गुणपत्रिकेवर ‘कौशल्य विकासासाठी पात्र’ असा शेरा येतो. शेरा सहृदय आहे, पण त्यापुढे कोणत्या दारात जायचे हे गुणपत्रिका सांगत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत किमान पात्रता बारावी ठेवली गेली. त्यामुळे ज्याला राज्याच्याच मंडळाने कौशल्याकडे वळवले, तो राज्याच्या योजनेबाहेर राहिला.

विद्यावेतनाचाही विचार व्हावा. घरची चूल ज्याच्या कमाईवर पेटते, तो 5,000 रुपयांवर शिकत बसण्यापेक्षा बिगारीवर किंवा सामान पोहोचवण्याच्या कामावर जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. 2016 च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल 1,500 रुपये, उचलते. नवशिक्यांसाठी हा वाटा अधिक हवा. शिवाय उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो आणि प्रशिक्षणानंतर त्याला नोकरी देणे मालकावर सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते. म्हणून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हीच त्याची खरी कमाई असते. परीक्षेपर्यंत न पोहोचता उमेदवारी अर्ध्यात सुटली, तर हातात कागदही उरत नाही.

राज्य आणि केंद्र सरकारकडे तीन मागण्या मांडायला हव्यात : दहावी व त्याखालच्या नवशिक्यांसाठी स्वतंत्र आणि मोजता येईल असा राखीव वाटा, प्रत्येक औद्योगिक वसाहतीजवळ चालू स्थितीतील बीटीआरआय, आणि दहावीच्या गुणपत्रिकेसोबत जवळच्या उमेदवारी जागांची मराठीतील यादी. यादीचे काम सर्वांत कमी खर्चाचे आहे. ते येत्या निकालापासूनच सुरू करावे.