दहाची फुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी 'बागेविषयी दोन शब्द बोला' अशी गळ घातली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझी बाग ती केवढी? पायरीपासून फाटकापर्यंत सहा हात मातीची पट्टी! पण त्या पट्टीने मला एक धडा दिला आहे. तेवढा सांगते आणि खाली बसते.

या पट्टीवर आमच्या सासूबाईंनी 'ऑफिस टाइम' लावली होती. राणी रंगाची, भरगच्च पाकळ्यांची. तिला कोणी चिनी गुलाब म्हणतात. पण ती चीनची नव्हे आणि गुलाबाच्या कुळातलीही नव्हे. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेत, ब्राझील-अर्जेंटिनाकडे. नाते लागते ते आपल्या घोळीच्या भाजीशी. (भाजी मात्र घोळीचीच करावी!) विल्यम हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

ऑफिस टाइम हे नाव मात्र तिला शोभते. ऊन तापू लागले की नऊ-दहाच्या सुमारास फुले उमलतात आणि दुपारी मिटतात. एक फूल एकाच दिवसाचे. आभाळ भरून आले असले, तर कळ्या मुकाट बसून राहतात. मी तीस वर्षे नोकरी केली. सकाळी पावणेनऊची बस, परत यायला संध्याकाळचे सात. जाताना कळ्या, येताना मिटलेली फुले! रविवारी पाहावीत म्हटले, तर रविवारी दहा वाजता आपल्याला सवड कोठे असते? सासूबाई मात्र रोज दहाला तांदळाचे ताट घेऊन पायरीवर बसत.

त्या गेल्या आणि पुढल्याच वर्षी मी निवृत्त झाले. मनात म्हटले, आता त्यांच्या झाडाचे सगळे मी करीन. सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, शेणखत घातले. झाड माजले, पण फुले कमी झाली. पावसाळा लागला तसे दांडे मऊ पडले, काळे झाले आणि पंधरा दिवसांत पट्टी उघडी पडली. 'अगं, तिला थोडी तहान लागू दे,' असे सासूबाई म्हणत, ते तेव्हा आठवले. या झाडाची पाने जाड, पाणी साठवून ठेवणारी असतात. माती सतत ओली राहिली, की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मी हयगयीने नव्हे, मायेने ते झाड घालवले. त्या दिवशी मी पायरीवर बसून रडले, हे सांगायला लाज वाटत नाही.

दोन दिवसांनी समोरच्या काकू वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूठभर फुटवे घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे तुमच्या आईंनीच मला दिले होते. घ्या, तुमचे तुम्हाला." भगिनींनो, भरगच्च पाकळ्यांच्या जातीला बी फारसे धरत नाही, ती फाट्यावरूनच वाढवतात. आणि फाट्यापासून झालेले झाड म्हणजे मूळ झाडच, दुसरे नव्हे. म्हणून आज माझ्या दारात आहे, ते सासूबाईंचेच झाड आहे.

आता लावण्याची रीत. दिवसाचे सहा तास तरी ऊन लागेल अशी जागा निवडावी. सावलीत फुले येत नाहीत. दोन वाटे माती, एक वाटा वाळू आणि एक वाटा जुने, कुजलेले खत घ्यावे. कुंडी असेल तर तिचे भोक मोकळे असू द्यावे. चार बोटे लांबीचे फाटे खुडून खालची पाने काढावीत आणि वीत-वीत अंतरावर खोचावेत. मुळे धरेपर्यंत हलके पाणी शिंपडावे. पुढे माती वरून वाळल्याशिवाय पाणी घालू नये. शेंडे खुडले की झाड उंच न होता जमिनीवर पसरते. एकेरी फुलांच्या जातीचे बी धुळीसारखे बारीक असते. ते वाळूत मिसळून वरच्यावर पसरावे, मातीत पुरू नये, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावल्यास उन्हाळाभर फुले मिळतात. पावसाळ्यात मात्र एक कुंडी वळचणीच्या आत, पण उजेडात ठेवावी. तेवढेच बियाणे.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे: आपले झाड दुसऱ्या घरी देऊन ठेवावे. सासूबाईंनी काकूंना दिले नसते, तर माझ्याजवळ नुसती आठवण उरली असती.

त्या टेबलावर मी फाट्यांच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीने एकेक न्यावी. लावा, थोडी तहान लागू द्या आणि एखाद्या दिवशी दहा वाजता हातातले काम ठेवून पायरीवर बसा. पुन्हा कधी माझे झाड गेले, तर तुमच्यापैकी कोणाच्या तरी दारी मागायला येईन. तेव्हा नाही म्हणू नका!