एक शब्द, अनेक अर्थ

(प्राथमिक शिक्षकांच्या गटसंमेलनात दिलेले व्याख्यान)



सन २००० पासून महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, तेथील मुलाला या भाषेची खरी ओळख आपल्याच तोंडून होते. म्हणून शब्दाचा अर्थ आपण कसा सांगतो, या एकाच गोष्टीचा आज विचार करावयाचा आहे.

पुष्कळ वर्गांत वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे मराठी अर्थ लिहून घेण्याची पद्धत आहे. ‘टाइम म्हणजे वेळ’ असे मूल पाठ करते. पुढे ‘हाउ मेनी टाइम्स डिड यू फॉल?’ या प्रश्नाचे भाषांतर ते ‘तू किती वेळ पडलास?’ असे करते, आणि आपण त्यावर तांबडी फुली मारतो. वास्तविक मुलाने आपण दिलेला अर्थच इमानाने वापरलेला असतो. फुलीचे कारण त्याला उमगत नाही. ‘हा विषय आपल्याला येणार नाही’ एवढेच ते मनाशी धरते आणि शंका विचारणे सोडून देते. ही हानी गुणांच्या हानीपेक्षा मोठी आहे.

एका शब्दाच्या पोटात किती अर्थ दडलेले असतात, हे पाहण्यास कधीकधी तिसरी भाषा आरशासारखी उपयोगी पडते. आपण स्पॅनिश भाषा घेऊ. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत अनेक देशांत ती बोलली जाते. तिची भगिनी पोर्तुगीज. तिच्याकडून आपल्याकडे ‘बटाटा’ आणि ‘पगार’ हे शब्द आले. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे.

आता ‘टाइम’ या शब्दाकडे वळू. ‘आय हॅव नो टाइम’ या वाक्यातील टाइमला स्पॅनिश मनुष्य ‘तिएम्पो’ म्हणतो. येथे अर्थ कालावधीचा आहे. ‘व्हॉट टाइम इज इट?’ असे विचारताना मात्र तो ‘ओरा’ हा शब्द वापरतो. येथे अर्थ घड्याळातील क्षणाचा आहे. ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीनदा, हे सांगताना तो ‘त्रेस वेसेस’ म्हणतो. ‘वेस’ म्हणजे खेप. गतकाळाविषयी बोलताना ‘एपोका’ हा शब्द योजता येतो. पाढ्यातील ‘थ्री टाइम्स फोर’ यासाठी तर तो ‘त्रेस पोर क्वात्रो’ म्हणतो. तेथे काळाचा शब्दच उरत नाही, जसा आपल्या ‘तीन चोक बारा’ मध्येही नाही.

इंग्रजीत जे एकाच शब्दात सामावले, ते स्पॅनिशने असे निरनिराळ्या घरांत वाटून दिले. मग मराठीचे काय? मराठीने ही वाटणी मोठ्या चातुर्याने लिंगवचनांतून केली आहे. ‘माझा वेळ गेला’ येथे तो वेळ, म्हणजे कालावधी. ‘गाडीची वेळ झाली’ येथे ती वेळ, म्हणजे ठरलेला क्षण. ‘तीन वेळा हाक मारली’ येथे वेळा म्हणजे खेपा. आणि ‘शिवाजी महाराजांच्या काळी’ म्हणताना आपण शब्दच बदलतो. हे भेद मराठी घरातील मुलाला कोणी शिकविलेले नसतात. ते घरातूनच घेऊन ते शाळेत येते. ज्यांची घरची भाषा मराठीहून निराळी आहे, त्यांच्याही बोलीत असे भेद असणारच. ते त्यांनाच विचारावेत.

असे अनेकार्थी शब्द केवळ इंग्रजीतच आहेत असेही नाही. स्पॅनिश ‘तिएम्पो’चा दुसरा अर्थ हवामान असा आहे, त्यासाठी इंग्रजीला ‘वेदर’ हा वेगळा शब्द लागतो. आणि आपल्या ‘लागणे’ या क्रियापदाचे काय सांगावे! भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, दिवा लागतो, झाडाला फळे लागतात, प्रवासाला पैसे लागतात, शाळेचा निकाल लागतो. या सर्वांना इंग्रजीचा एकच शब्द शोधू पाहणारा परदेशी विद्यार्थी आपल्या मुलाइतकाच गोंधळून जाईल. हे मुलांना अवश्य सांगावे. त्यांचा संकोच पुष्कळ कमी होतो.

यातून वर्गात काय करावयाचे? पहिली गोष्ट, शब्द एकटा देऊ नये, वाक्यात द्यावा. ‘टाइम’ची तीन लहान वाक्ये फळ्यावर लिहावीत, प्रसंग हावभावांनी दाखवावा आणि येथे मराठीत आपण काय म्हणू, हे मुलांनाच विचारावे. दुसरी, तिन्ही अर्थ एकाच दिवशी लादू नयेत; आज घड्याळ शिकविले तर खेपांचा अर्थ पुढे उड्या मोजताना यावा. वहीत अर्थासमोर थोडी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे नवा अर्थ भेटताच मूल तो जुन्याच्या शेजारी लिहील. तिसरी गोष्ट तपासणीची. चुकलेल्या शब्दावर फुली मारण्यापूर्वी तो अर्थ दुसऱ्या एखाद्या वाक्यात बरोबर ठरतो काय, हे पाहावे. ठरत असेल तर ते वाक्य समासात लिहून द्यावे. मुलाला आपले ज्ञान खोटे नव्हते, फक्त जागा चुकली होती, हे त्यावरून कळेल.

साठ वह्या तपासताना हे काम जड वाटेल, याची मला जाणीव आहे. प्रत्येक वहीत एका शब्दापुरते जरी ते झाले, तरी प्रश्न विचारणारा हात पुन्हा वर येईल. तो हात खाली जाऊ न देणे हेच भाषाशिक्षकाचे मुख्य कार्य होय.