भिंत द्या, कोपरा नको



मंडळाच्या अध्यक्षाच्या हाती माइक एकदाच येतो, आणि तो परत घ्यायला सूत्रसंचालक विंगेत टपलेले असतात. म्हणून आभार नंतर मानते. आधी भांडते.

भांडण तुम्हाला पाठ आहे. गणपतीत चित्रप्रदर्शनाला जागा मागितली, तर वडापावच्या स्टॉलमागचा कोपरा मिळाला. पुढच्या वर्षी तोही गेला, कारण तिथे चपला ठेवायच्या होत्या. ‘बायकांसाठी रांगोळी स्पर्धा आहेच की,’ असं बैठकीत मला सांगितलं गेलं आणि इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच आलं. खजिनदारभाऊंना मी यातून वगळते. त्यांनी स्वतःच्या गाडीतून इझल आणली आणि पार्किंगवाल्याशी हुज्जतही घातली. बाकीच्यांना मी कोणाबद्दल बोलतेय ते कळलं असेल. नसेल कळलं, तर पहिल्या रांगेत मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्यांना विचारा.

कहर झाला तो आपल्या दोह्याच्या एज्युकेशन सिटीत चित्रकार हुसेन यांचं संग्रहालय उघडलं तेव्हा. नोव्हेंबर २०२५. ‘पंढरपूरचा माणूस दोह्यात’ म्हणून आपल्या ग्रुपवर फुलांचा सडा पडला. पडावाच! मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणारा माणूस म्हातारपणी, २०१० मध्ये, इथला नागरिक होतो, ही गोष्ट लहान नाही. माझं हुसेनशी भांडण नाही. पण त्याच सुमारास मी स्मरणिकेसाठी चित्रकार बी. प्रभांवर लेख दिला, तर संपादक मंडळाकडून विचारणा आली, ‘या कोण? शिल्पकार विठ्ठल यांच्या मिसेस ना?’

मिसेस होत्याच. १९५६ मध्ये लग्न झालं. पण त्याआधी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकत असतानाच त्यांची चित्रं प्रदर्शनात लागली होती आणि त्यातली तीन होमी भाभांनी घेतली होती. अणुशास्त्रज्ञाला दिसलं ते आपल्या संपादक मंडळाला दिसत नाही. असो, चष्म्याचे नंबर वेगवेगळे असतात.

जन्म १९३३ चा, नागपूरजवळच्या बेला गावचा. हे मुद्दाम सांगते. बेल्याऐवजी सदाशिव पेठेत जन्मल्या असत्या, तर इथे दर वर्षी त्यांची पुण्यतिथी झाली असती आणि वर एक स्मृतिव्याख्यान. त्या आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या आणि मग मुंबईला गेल्या. त्यांच्याही आधी, १९३१ मध्ये, अंबिका धुरंधर जे.जे.तून पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्या लग्नाच्या भानगडीत न पडता जन्मभर चित्रकार राहिल्या. पण त्यांच्या घरात रावबहादूर धुरंधरांसारखे वडील होते, रंगाचा वास पाळण्यापासूनचा. बेल्याच्या मुलीला ते वारशात नव्हतं. खेड्यातल्या मुलीने चित्रकला शिकायची ती लग्नाआधी भरतकाम शिकावं तशी, स्थळ बघायला येणाऱ्यांना दाखवण्यापुरती. या बाईंनी चित्रकलेवरच संसार उभा केला आणि शेवटपर्यंत ब्रश खाली ठेवला नाही.

त्यांच्या कोळणी आठवा. उंच, सडसडीत, लांब मानेच्या, डोक्यावर टोपली, आणि अख्खा कॅनव्हास बहुतेक वेळा एकाच रंगाच्या अमलाखाली. त्या बघणाऱ्याकडे पाहून लाजत नाहीत. त्यांना मासळी विकायची आहे, तुम्ही घेणार असाल तर थांबा, नाहीतर वाट सोडा. एअर इंडियाने १९५६ मध्ये प्रभांची सहा चित्रं प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना घेतली. पुढे हजारोंच्या घरात गेलेल्या त्या संग्रहाची सुरुवात याच सहा चित्रांपासून सांगतात. कंपनी टाटांकडे परत गेल्यावर तो संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवला गेला. आपल्यातले कितीतरी जण पहिल्यांदा आखातात आले ते याच कंपनीच्या विमानाने. सामान किती किलो चालतं, ते आजही सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मी स्वतः चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसले तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर फळकुटं मांडली होती. वस्तुचित्राला एक कळशी आणि दोन वांगी. वांग्यावरची चकाकी मला जमली आणि चित्रकलेच्या सरांनी माझा कागद वर्गात फिरवला. घरी बाबा म्हणाले, ‘इंटरमिजिएटही दे, पण नंतर बी.एड. कर.’ मी केलं. इथे येऊन चित्रकला शिकवलीही, आणि परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जायचा. गणिताचा तास कधी माझ्याकडे आल्याचं आठवत नाही. आयांनो, तुम्हालाच विचारते: मुलीला कोडिंगच्या क्लासला सोडायला तुम्ही सलवा रोडचा ट्रॅफिक सोसता, मग रंगपेटी आणायची म्हटली की ‘पसारा होतो’ कसं आठवतं?

सूत्रसंचालक घड्याळ दाखवताहेत. दाखवू देत.

या सभागृहापासून जवळच आपलं अल थुमामाचं स्टेडियम आहे. वास्तुकार इब्राहिम जैदा यांनी ते गाहफियाच्या रूपात उभं केलं, इथले पुरुष डोक्याला घालतात त्या टोपीच्या. पुरुषाच्या टोपीत चाळीस हजार माणसं बसतात. आणि कोळणीची टोपली आपल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर मावत नाही? तिथे आठ वर्षांत आलटूनपालटून समई आणि प्रायोजकांचा लोगो!

तेव्हा अध्यक्ष म्हणून तीन गोष्टी जाहीर करते. कार्यकारिणीत ठराव मांडलेला नाही, मांडणारही नाही. मांडला की चर्चा सविस्तर होते. या वर्षी प्रवेशदारासमोरची पूर्ण भिंत प्रदर्शनाची. वडापाव मागे जाईल. स्मरणिकेत बी. प्रभांवरचा लेख पहिल्या पानापासून लागेल, आणि त्यात ‘यांच्या पत्नी’ हे शब्द विठ्ठलांच्या नावानंतर येतील तेव्हा येतील, पहिल्या ओळीत नाहीत. आणि रांगोळी स्पर्धा पुरुषांनाही खुली. नावनोंदणी आजपासून, वही खजिनदारभाऊंकडे. पहिलं नाव मी सचिवांचं लिहिलं आहे. त्यांनी रंग स्वतःचे आणायचे.