शाबासकी नेमकी हवी



आज आपल्यापैकी बरेच जण चार माणसांकडून काम करून घेतात. म्हणून कौतुकाविषयी थोडे बोलतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरात सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारले, कामात सर्वांत आनंद कधी झाला आणि सर्वांत वाईट कधी वाटले? निष्कर्ष १९५९ साली पुस्तकरूपाने आले. आनंदाच्या आठवणींत हातून चांगले काम झाल्याचे समाधान आणि त्याची घेतली गेलेली दखल या दोन गोष्टी सर्वांत वर होत्या.

कारखान्याच्या देखभाल विभागात मी हेच पाहतो. यंत्र बंद पडले की सगळे धावतात. ते बंद पडू नये म्हणून रात्रपाळीत वेळेवर ग्रीस भरणारा फिटर मात्र कोणाला दिसत नाही. त्याचे काम चोख झाले की काहीच घडत नाही ना!

दिवाळीला सगळ्यांना सारखाच मिठाईचा पुडा मिळतो, ती दखल नव्हे. “आवाजावरून तुम्ही बेअरिंग ओळखलेत, म्हणून पाळी वाया गेली नाही,” असे त्याच आठवड्यात चार जणांसमोर सांगणे, ही दखल. अर्थात, थकलेला ओव्हरटाइम शाबासकीने फिटत नाही. तो आधी द्यावा.

निबंधाखाली नुसते ‘छान’ न लिहिता काय छान ते लिहिणारे आमचे गुरुजन समोर बसले आहेत. त्यांची ही रीत आपण आपापल्या कामाच्या जागी चालवू या.