सालेर्नो ते पोझितानो: घाटाची बस की बोट?

इटलीवरचा मागचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी जवळपास एकच प्रश्न पाठवला. अमाल्फीच्या किनाऱ्यावर जायचंय, आई-बाबा बरोबर आहेत, घाटातली बस त्यांना झेपेल का? माझं उत्तर असं की जाताना बोटीने जा, पण परतीचा प्रवास एकट्या बोटीच्या भरवशावर ठेवू नका. असं का, ते आज सांगतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. नेपल्सच्या दक्षिणेला डोंगराळ जमिनीचा एक हात समुद्रात शिरलाय. त्याच्या दक्षिण कडेला पूर्वेकडून पश्चिमेकडे गावं लागतात ती अशी: चेतारा, मायोरी, मिनोरी, अमाल्फी आणि पोझितानो. डोंगर थेट पाण्यात उतरलेले. जिथे एखादी घळ समुद्राला मिळते, तिथेच गावाला जेमतेम जागा. या सगळ्यांना जोडणारा रस्ता एकच, एसएस १६३. लांबी सुमारे ५० किलोमीटर, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कडा, आणि वळणं इतकी की समोरून बस आली की एकाला मागे सरकावंच लागतं.

हा रस्ता पुरा झाला तो १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. त्याआधी एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर खेचरांची पायवाट, नाहीतर होडी. आणि गंमत बघा, गाडीरस्ता नसलेलं हे अमाल्फी १०व्या-११व्या शतकात भूमध्य समुद्रातल्या मोठ्या व्यापारी सत्तांपैकी एक होतं. त्यांची जहाजं इजिप्तला जायची, कॉन्स्टँटिनोपलला जायची. म्हणजे या गावांचा पुढचा दरवाजा समुद्राकडेच आहे. बसने आपण शिरतो ते मागच्या दाराने.

आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, सप्टेंबरमध्ये गेलो होतो. आईला गाडी लागते. आंबेनळी घाटात काय होतं ते आम्हाला घरी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे १६३ नंबरचा रस्ता मी पहिल्या दिवशीच यादीतून काढला होता. मुक्काम ठेवला सालेर्नोला. सालेर्नो हे सपाटीवरचं खरंखुरं शहर आहे, तिथे लोक राहतात, नोकरीला जातात. नेपल्सहून ट्रेनने साधारण पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडलं की बोटीचा धक्का चालत पाच-सात मिनिटांवर. हॉटेलंही अमाल्फी-पोझितानोपेक्षा बरीच स्वस्त.

सालेर्नोहून अमाल्फीला बोटीने साधारण ३५ मिनिटं लागतात, अमाल्फीहून पोझितानोला आणखी २५. या प्रवासी बोटी आहेत, गाड्या चढवायच्या नाहीत. खाली बंद केबिन, वर उघडा डेक. जाताना उजव्या बाजूला बसा, कारण किनारा उजवीकडे असतो. येताना डावीकडे.

बोटीतून काय दिसतं? आधी चेतारा. कोळ्यांचं गाव, अँचोव्ही नावाच्या छोट्या माशाला मिठात मुरवून निघालेल्या अर्कासाठी प्रसिद्ध. मग टेकड्यांवर पायऱ्यापायऱ्यांची लिंबाची शेतं, त्यांच्यावर जाळ्या. अधूनमधून पाण्यालगत दगडी बुरूज. समुद्रातून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले. रस्त्यावरून हे बुरूज नुसते जुने दगड वाटतात. पाण्यातून बघितलं की त्यांचा अर्थ लागतो, कारण प्रत्येक बुरूज समुद्राकडेच बघतोय.

बाबा म्हणाले, "अरे, हे तर आपल्या आगबोटीसारखं." ते लहानपणी मुंबईहून मालवणला आगबोटीने गेलेले. बंदर आलं की थोडी माणसं उतरणार, थोडी चढणार, बोट पुढे. आईला बोट लागली नाही. ती वरच्या डेकवर बसून सलग अर्धा तास न बोलता किनारा बघत होती, आणि आमच्या घरात ही घटनाच आहे.

आता दुसरी बाजू. समुद्र आपलं टाइमटेबल बघून वागत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या बोटीने अमाल्फीला गेलो. दुपारी वारा सुटला. आकाश निळं, ऊन कडक, पण लाटा धक्क्यावर आपटायला लागल्या. तीनच्या सुमारास तिकीट खिडकीवर बोर्ड लागला: आजच्या बाकीच्या फेऱ्या रद्द. पावसाचा थेंब नाही, मग बोट का नाही, म्हणून लोक वैतागले होते. पण इथे प्रश्न पावसाचा नसतोच. धक्के उघड्या किनाऱ्यावर आहेत, आणि लाट असली की माणसं चढता-उतरताना बोट धक्क्याजवळ स्थिर राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेपल्सहून आमचं विमान होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे एक रस्ता पडला तर दुसरा कुठला, हा प्रश्न सवयीने पडतो. सालेर्नोच्या बसची तिकिटं सकाळीच तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवली होती, कारण तिथे बसची तिकिटं अशा दुकानांत मिळतात. बॅगा सालेर्नोच्या हॉटेलवर होत्या. पण बोटीची सगळी गर्दी आता बसकडे वळली होती. पहिली बस भरून गेली, दुसरीत जागा मिळाली. आईला पुढची सीट, समोर नजर, हातात कापलेलं लिंबू. दोन वेळा ड्रायव्हरला मागे घ्यावी लागली. आई सालेर्नोला उतरली तेव्हा पांढरीफटक पडली होती, पण उतरली.

रांगेत आमच्या पुढे अमाल्फीच्या एका हॉटेलात काम करणारी बाई होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाली की ती सालेर्नोला राहते, उन्हाळ्यात बोटीने येते, हिवाळ्यात बसने. नियमित बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच चालतात. आपल्याकडे गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, तिकडे हिवाळ्यात. मग उरतो तो एकच रस्ता. आणि तोही हक्काचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमाल्फीजवळ दरड कोसळून हा रस्ता तुटला आणि अनेक आठवडे बंद राहिला. समुद्रानेही इथे कमी घेतलेलं नाही. २५ नोव्हेंबर १३४३ च्या वादळात अमाल्फीचं बंदर आणि खालचा बराच भाग पाण्यात गेला.

म्हणून मला वाटतं की "बोट चांगली की बस" हा प्रश्नच अर्धवट आहे. या किनाऱ्याला दोन्ही लागतात. आपण चार दिवसांचे पाहुणे, एक फेरी चुकली तर फार तर आईला त्रास होतो. त्या बाईला रोज ड्यूटी गाठायची असते.

तर जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पहिलं, मुक्काम सालेर्नोला ठेवा आणि मोठ्या बॅगा तिथेच. पोझितानोत धक्क्यावरून वर जायचं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर अमाल्फीत उतरा, तिथला चौक धक्क्याला लागूनच आहे.

दुसरं, पोझितानो आधी करा, येताना अमाल्फी. समुद्र बिघडला तर अमाल्फीहून सालेर्नोला थेट बस आहे.

तिसरं, शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका. तिच्या आधीची पकडा.

चौथं, रावेल्लो डोंगरावर आहे, तिथे बोट जात नाही. अमाल्फीहून वर बस जाते. गाडी लागणाऱ्यांनी तेवढा तुकडा विचार करूनच घ्यावा.

आणि पाचवं, विमानाच्या आदल्या दिवशी बोटीची सहल ठेवलीच, तर हातात अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा. आमची ती बसच्या रांगेत गेली, पण विमान मिळालं.

तुमच्या घरी कोणी मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला आगबोटीने गेलं असेल, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. तोपर्यंत, काळजी घ्या, भेटूया पुढच्या भागात.