अंडं उकडायला काय शिकायचं?

(पेठ तालुक्यातील एका ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक या नात्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीचा आणि कर्जाच्या हप्त्यांचा हिशोब झाला की पाच मिनिटं मला द्या, असं मी अध्यक्षा ताईंना म्हटलं होतं. विषय ऐकून त्या हसल्याच. अंडं उकडायला काय शिकायचं? मलाही तसंच वाटायचं. कॉलेजात असताना नाशिकच्या खोलीवर मी फ्रिजमधली अंडी तशीच उकळत्या पाण्यात सोडायची. निम्मी तडकायची आणि मी नावं ठेवायची दुकानदाराला!

मागे एका ताईंच्या घरी गेले होते. पावसाने लाकडं ओली, शेतावर जायची घाई. अंडं आतून कच्चंच राहिलं. लेकराने एक घास घेतला आणि थुंकला. तेव्हापासून त्या घरात ठरून गेलं, "आमच्या पोराला अंडं चालत नाही."

आपल्या आदिवासी भागात २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. त्यातून अंगणवाडीत ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना महिन्याचे १६ दिवस अंडं मिळतं, जे खात नाहीत त्यांना केळी. बाकीचे दिवस आपले. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. ती एका कच्च्या घासापायी सोडायची का?

तर असं करा. अंडी आधी गार पाण्यात टाकून बघा. तळाला आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, आणि तरंगलं तर घ्यायचंच नाही. मग पातेल्यात अंडी बुडून बोटभर वर राहील एवढं गार पाणी घ्या, चिमूटभर मीठ टाका. कवच तडकलंच तर मिठाने पांढरं लवकर घट्ट होतं. पाणी खळखळलं की लाकडं थोडी मागे ओढा, झाकण ठेवा आणि तिथून १० ते १२ मिनिटं मोजा. घड्याळ नसेल तर मोबाईल आहेच, आपल्या गटात तो कोणाकडे नाही? उतरवलं की लगेच गार पाण्यात. जास्त वेळ उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडा येते. खायला काही धोका नाही, लाकडं मात्र वाया गेली.

आणखी एक. सकाळी घातलेलं अंडं दुपारी उकडलं तर सोलताना अर्धं पांढरं टरफलाबरोबरच निघतं. कोंबडीचा काही दोष नाही, ताज्या अंड्याचं तसंच असतं. त्याची पोळी करा. उकडायला चार-पाच दिवसांचं घ्या.

लहान बाळाला पूर्ण उकडलेलं अंडंच, तेही कुस्करून, वरणात किंवा भातात कालवून. पहिल्यांदा चमचाभरच द्या आणि अंगावर पुरळ येते का बघा. गरोदर ताईंनीही अर्धकच्चं खाऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, अंडी खायला उरतात कुठे? गावरान अंडी आठवडे बाजारात जातात, मला माहीत आहे. विका की! भाव चांगला मिळतो. पण त्याच पैशातून दुकानातली पांढरी अंडी घरी आणा, नगही जास्त येतील. टरफलाच्या रंगाने ताकद फारशी बदलत नाही.

आणि आणली तरी वाटणी कशी होते? आधी पोरं, मग घरधनी, आणि आपल्या ताटात नागलीची भाकरी नि चटणी. माझी आई पण हेच करते, म्हणून सांगते.

बाहेर चुलीवर पातेलं ठेवलंय. माणशी एक अंडं मोजून आणलंय. इथेच बसून, सोलून खायचं. पदराला बांधून घरी न्यायचं नाही. मी दारात उभी राहणार आहे!